थिबाची खिडकी

आई गेल्यावर पहिल्यांदाच रत्नागिरीला गेलो. एसटी स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, तेव्हा तोंडातून निघालं, ‘थिबा पॅलेस.’ आजोळच्या आळीचं नाव घ्यायचा धीर झाला नाही.

लहानपणी दर मे महिन्यात आई आम्हाला तिथे न्यायचीच. उतरती छपरं, लालसर भिंती, अर्धगोल माथ्याच्या सागवानी खिडक्या. आम्हा पोरांना तिथल्या लांबलचक सज्जांत धावायचं असे. आई मात्र माडीवर एका खिडकीपाशी थांबायची आणि चौकटीवर हात ठेवायची. तळवा सपाट, बोटं किंचित फाकलेली, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. “आमच्या माजघराच्या दाराचं लाकूड असंच गार लागतं,” म्हणायची. मग खाडीकडे बघत, “बिचारा! कुठला कुठे आणून टाकला.”

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, तेव्हा ब्रह्मदेशचा हा राजा, थिबा, जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षं त्याने दुसऱ्या बंगल्यांत काढली होती. इथे राहायला मिळाली पुरती सहा-सात वर्षंही नाहीत. १९१६ च्या डिसेंबरात तो गेला. राणी सुपयालतला १९१९ मध्ये मायदेशी परतता आलं. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे. थोरल्या राजकन्येची मुलगी तर इथल्याच माणसाशी संसार करत, मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. ही गोष्ट आईच्या फार जिव्हाळ्याची. “लेकीबाळींचं असंच रे. जिथे पडतात तिथलीच भाषा होते त्यांची.” डोंबिवलीच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं काढलेली बाई हे बोलत होती, हे कळायला मला फार उशीर झाला.

या वेळी मी एकटाच माडीवर गेलो. थिबाने हे घर मागितलं नव्हतं. त्याला मंडाले हवं होतं. तरी त्याचं हे घर उभं आहे, आत वस्तुसंग्रहालय आहे, लोक तिकीट काढून येतात. आणि आईला आयुष्यभर जे घर हवं होतं, ते चिरेबंदी जोत्याचं, पडवीत झोपाळा असलेलं, मागे पोफळी आणि रहाटाची विहीर असलेलं घर पाडलं, तेव्हा दोन दिवससुद्धा लागले नाहीत. मामांना दोष देत नाही. मुलं परगावी, पावसाळ्याआधी कौलं परतायला माणूस मिळेना, वाशांना वाळवी. विकलं.

हक्कसोडपत्राच्या वेळी मी आईबरोबर होतो. सही करताना ती अडली. “माहेरचं नाव लिहू का?” तिने विचारलं. समोरचा माणूस समजुतीने म्हणाला, “नाही आजी, आत्ताचं.” तिने मान डोलावली आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. परतीच्या गाडीत चिपळूण येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

खिडकीच्या चौकटीवर मी हात ठेवला. तिच्यासारखाच, सपाट. लाकूड गार होतं. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. किती वेळ उभा होतो, आठवत नाही.

तिथून चालतच आळीत गेलो. घराच्या जागी चार मजली इमारत आहे. कोपऱ्यात विहीर तेवढी ठेवली आहे, वर लोखंडी जाळी टाकून. मी वाकून आत बघत होतो, तर वॉचमन आला.

“कोणाकडे जायचंय?”

मी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं.

त्याने वही उघडली, नावांवरून बोट खालपर्यंत नेलं, पुन्हा एकदा वरून खाली नेलं. मीही त्याच्या बोटामागून वाचत गेलो.

“नाही साहेब,” तो म्हणाला, “या नावाचं इथे कोणी राहत नाही.”