जिवावरचं शेपटावर

‘कॉस्मेटिक’ हा शब्द मी आजवर कराडच्या बाजारात, बांगड्या-पावडरींच्या दुकानांच्या पाट्यांवर वाचत आले. २०२४च्या जुलैमध्ये तो विमा कंपनीच्या ई-मेलमध्ये वाचला. तेव्हापासून हा शब्द कुठे दिसला तरी माझं डोकं तापतं. आपण ज्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वमंजुरी मागितली आहे ती कॉस्मेटिक स्वरूपाची असल्यामुळे पॉलिसीत बसत नाही, एवढंच लिहिलं होतं. खाली कलमाचा क्रमांक. अठरा वर्षं हप्ता न चुकवलेल्या बाईला दोन ओळींचं उत्तर.

मागचं थोडक्यात सांगते. २०२१च्या दिवाळीत डाव्या कानाखाली हरभऱ्याएवढी गाठ लागली. दाढ आली असेल म्हणून महिनाभर काढला. मग सुईची तपासणी, मग पुणे, मग कॅन्सर. गालगुंडात सुजते तीच ती लाळेची ग्रंथी, पॅरोटिड. चेहऱ्याची नस तिच्यातूनच जाते आणि पंजाच्या बोटांसारख्या तिच्या पाच शाखा होतात. ओठाकडे जाणाऱ्या दोन शाखांना गाठ चिकटलेली होती, त्या गाठीबरोबर कापाव्या लागल्या. नंतर रेडिएशनचे ३० शेक झाले. मी वाचले. ज्यांनी वाचवलं त्यांच्याबद्दल माझी एका अक्षराचीही तक्रार नाही.

पण चेहरा गेला. कानाखाली वाटी बसेल एवढा खड्डा पडला आणि शेकांनंतर वर्षभरात तो आणखी आत गेला. ओठाचा डावा कोपरा हलेना. मी आठवीला मराठी शिकवते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, म्हणजे दोन्ही ओठ मिटून उच्चारायचे, असं वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून सांगत आले, आणि आता ‘फळा’ म्हणताना माझ्याच ओठाच्या कडेने हवा निसटते. पाणी पितानाही त्या कोपऱ्यावर बोट ठेवावं लागतं.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. जेवायला बसलं की डावा गाल घामाने भिजायचा. नुसता ओलसर नाही, थेंब ओघळून साडीवर पडायचे. लोणच्याची फोड ताटात वाढली की गाल आधीच ओला. लोकांच्या घरी जेवायला जाणं मी बंद केलं. शेवटी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी गालावर आयोडीन लावलं, वाळू दिलं, वरून पिठाची पातळ भुकटी भुरभुरली आणि हातात लिंबाची फोड दिली. मी चोखली आणि समोरच्या आरशात माझा गाल ठिपक्याठिपक्याने काळा-निळा होत गेला. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून मुलांना दाखवतात तोच प्रयोग, माझ्या गालावर. लाळग्रंथीकडे जाणारे मज्जातंतू कापले गेले, ते पुन्हा वाढताना वाट चुकले आणि कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळले. म्हणून तोंडाला पाणी सुटायच्या वेळी माझ्या गालाला घाम सुटतो. शेक घेतलेल्यांत हे कमी दिसतं, तरी तुम्हाला झालंय, असं डॉक्टर म्हणाले. मला रडू आलं ते दुःखाने नव्हे. माझ्या मनाचे खेळ नाहीत हे आरशात रंगाने दिसलं, म्हणून आलं.

त्यांनी तीन गोष्टी सुचवल्या. पोटावरची चरबी बारीक नळीने काढून खड्ड्यात थेंबाथेंबाने भरायची. त्यातली काही काही महिन्यांत जिरते, म्हणून पुन्हा एकदा करावं लागू शकतं. घामाच्या जागी बोटॉक्सची इंजेक्शनं. आणि तिसरी गोष्ट ऐकून मी थक्कच झाले: ओठाच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला थोडं बोटॉक्स द्यायचं, म्हणजे ती बाजू जरा ढिली पडते आणि दोन्ही बाजू जुळतात. धडकी बाजू मुद्दाम थोडी दुबळी करायची. तीन-चार महिने टिकतं, मग पुन्हा घ्यायचं.

बोटॉक्स म्हटलं की आपल्याला नट्या आठवतात. प्रत्यक्षात अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली ती डोळ्यांचा तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा आजार यांसाठी. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ची. पण नाव झालं ते सुरकुत्यांमुळेच, आणि आमच्यासारख्यांच्या अर्जावर तोच शिक्का बसतो.

आता त्या ई-मेलकडे येते, कारण माझं मन अजून तिथून हललेलं नाही. मी पॉलिसीचं पुस्तक काढलं. कलम सापडलं. भारतातल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसींमध्ये हे कलम ठरावीक शब्दांतच असतं. सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया, किंवा रूप बदलण्यासाठीचा कोणताही उपचार यांचा खर्च मिळणार नाही, असं त्यात आहे. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेसाठी तो उपचार असेल तर गोष्ट वेगळी. कॅन्सर हा शब्द तिथे छापलेला आहे. मी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली. मग दुसऱ्या दिवशी पेनाने मारली.

मी मिश्र वाक्य शिकवते. मुख्य वाक्य कोणतं, गौण वाक्य कोणतं, ‘जर-तर’ने अर्थ कसा फिरतो, याला परीक्षेत गुण असतात. अर्धं वाक्य वाचून उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी शून्य देते आणि जवळ बोलावून पुन्हा वाचायला लावते. इथे तर मोठ्या पगाराच्या माणसांनी माझ्या अर्जावर अर्धं वाक्य वाचून शेरा मारला होता. सोबत ऑपरेशनची सगळी कागदपत्रं होती, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट होता, शेकांचा तक्ता होता. त्या फाइलमध्ये कॅन्सर हा शब्द नसलेलं एकही पान नव्हतं. मग वाचलं कोणी? की वाचलंच नाही? रात्री दोन वाजता मी उठून बसायचे आणि मनातल्या मनात त्या न दिसणाऱ्या माणसाला वाक्यपृथक्करण समजावून सांगायचे. हे म्हणायचे, “अगं झोप आता, तब्येत बघ.” तब्येत! तब्येतीसाठीच तर चाललं होतं सगळं.

फोन केला की एक मुलगी गोड आवाजात विचारायची, “मॅम, ही प्रोसिजर केली नाही तर जिवाला धोका आहे का?” नाही, धोका नाही. “मग मॅम, ती कॉस्मेटिकमध्येच येते.” या एका प्रश्नाने माझे चार महिने खाल्ले.

मला त्या दिवसांत कावसजी आठवायचा. इंग्रजांच्या लष्कराकडचा हा बैलगाडीवाला १७९२च्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला, आणि मग आपल्या पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून तिकडच्या सर्जनांनी हे तंत्र उचललं. कावसजीलाही जिवाला धोका नव्हता. नाकाशिवाय तो वर्षभर जगला होता, जेवत होता, श्वास घेत होता. तरी त्याने नाक करून घेतलं, आणि ते करून देणाऱ्या माणसाने त्याला ‘याची गरज काय’ असं विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

बाहेरच्यांचं काय घेऊन बसावं, घरातही तेच. नणंद म्हणाली, “वहिनी, जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणायचं आणि गप बसायचं.” माझा चेहरा म्हणजे शेपूट नव्हे, हे मी तिला सांगितलं, जरा मोठ्यानेच. ती रागावून गेली. नंतर आठवलं, की २०१६ साली आमच्या शाळेतल्या एका बाईंचं स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मीही अगदी हीच म्हण वापरली होती. त्या हसल्या होत्या. ते हसू कसलं होतं हे आता कळतं. त्यांची बदली झाली आहे. फोन करायचं अजून झालेलं नाही.

जे या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. शेक घेतलेली कातडी साधी कातडी नसते. तिचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर धरतो. मोठ्या शहरातल्या एका त्वचेच्या क्लिनिकमध्ये मी आधी चौकशीला गेले होते. तिथे मला दिवाळीच्या सवलतीत फिलरच्या दोन सिरिंज देऊ केल्या. रेडिएशन झालंय का, हे कोणीच विचारलं नाही. मी सांगितल्यावर ‘काही होत नाही’ म्हणाले. तिथून उठून आले ते बरं केलं. फिलर असो, लेसर असो, पार्लरमधलं ब्लीच असो, आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. त्या बाजूची दाढ काढायची असली तरी दातांच्या डॉक्टरांना शेकांचे कागद दाखवा. आणि विमा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही.

मी गेले. सुनावणी व्हिडिओवर झाली. मी कलम मोठ्याने वाचून दाखवलं, सगळं वाक्य, शेवटपर्यंत. ‘भाजणं’तला भ निसटला, तो पुन्हा म्हटला. कंपनीचे गृहस्थ खाली मान घालून कागद चाळत होते. निकालाची वेळ आलीच नाही, त्याआधीच कंपनीने कळवलं की चरबी भरण्याची शस्त्रक्रिया मान्य आहे. इंजेक्शनं दाखल न होता घेतात, त्यामुळे ती माझ्या पॉलिसीत बसत नाहीत. हा नियम मला पटला. तो पुस्तकात तसा छापलेला आहे आणि त्यांनी तो पूर्ण वाचला होता.

याला आता बरेच महिने झाले. शस्त्रक्रिया अजून झालेली नाही. वार्षिक परीक्षेनंतर करू म्हटलं, मग पावसाळ्यानंतर म्हटलं. नणंद आता उलट विचारते, “वहिनी, एवढं भांडून मिळवलंत, मग तारीख कधी?” मी पेपर तपासायचे आहेत असं सांगते. खरं कारण म्हणजे, चरबी भरायच्या आधी एमआरआय करायचा आहे. आत सगळं स्वच्छ आहे याची खात्री झाल्याशिवाय डॉक्टर खड्डा भरणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण त्या यंत्रात शिरायचं आणि रिपोर्टची वाट बघायची, हे माझ्याने होत नाही. खड्डा आहे तोवर मी रोज आंघोळीला गेले की बोटांनी चाचपून बघू शकते की आत काही उगवलेलं नाही. तो भरला की बोटांना काय कळणार?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. लोकपालांना दिलेल्या अर्जात मी लिहिलं होतं, की मला सुंदर दिसायचं नाही, मला फक्त माझा चेहरा परत हवा आहे. लिहिताना ते मला शंभर टक्के खरं वाटत होतं. मागच्या भेटीत डॉक्टर ओठाबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, आणखी काही खुपतं का? माझं बोट आपोआप डोळ्यांच्या कडांकडे गेलं. तिथल्या सुरकुत्यांचा कॅन्सरशी काही संबंध नाही. त्या वयाच्या आहेत, माझ्या आईलाही होत्या. ते म्हणाले, त्याच औषधाने तेही होईल, पण ते खरंच कॉस्मेटिक आहे बरं का. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकताना मला राग आला नाही.

एमआरआयची चिठ्ठी कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. डोळ्यांसाठीचे पैसे मात्र मी काढून वेगळे ठेवले आहेत.