गुडघ्याची सोनोग्राफी

पौर्णिमेच्या वंदनेला आमच्या विहारात हल्ली मागच्या भिंतीशी खुर्च्या मांडाव्या लागतात. त्यांवर बसणाऱ्या बहुतेक आयाबाया धुणीभांडी, झाडलोट, बिगारी करून संसार उभे केलेल्या. पंचांग प्रणामाला गुडघे टेकता येत नाहीत म्हणून त्या ओशाळतात. ओशाळायचे कशाला? तथागतांचीही पाठ दुखे. कपिलवस्तूला शाक्यांना पुढचा उपदेश करायला आनंदाला सांगून ते आडवे झाले, अशी नोंद त्रिपिटकातच आहे. दुखणे लपवण्यापेक्षा दाखवलेले बरे.

आमच्या आईचेच सांगतो. दोन वर्षे तिचा उजवा गुडघा ठणकत होता. एका दवाखान्यात तिला टेबलावर झोपवून एक्स-रे काढला आणि "काही नाही, वय झाले" म्हणून गोळ्या दिल्या. पण जिना उतरताना तिचा हात कठड्यावरून सुटेना. मग दुसऱ्या डॉक्टरबाईंनी गुडघ्याची सोनोग्राफी करायला सांगितली. चाळीत हसू झाले, "मावशी, या वयात सोनोग्राफी?" हसणाऱ्यांचाही दोष नाही. गर्भलिंग तपासण्याविरुद्ध १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, सेंटरवर पाट्या लागल्या. तेव्हापासून हे यंत्र म्हणजे पोटुशी बाई एवढेच लोकांच्या डोक्यात बसले आहे.

खरी गोष्ट अशी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिलाच आपण गादी म्हणतो. मांडीच्या हाडाच्या टोकावर तिची जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तिच्यात दुखणे कळवणाऱ्या नसा नाहीत, रक्तवाहिन्याही नाहीत. म्हणून झिजायला लागली तरी ती स्वतः ओरडत नाही, आणि झिजल्यावर सहसा भरून येत नाही. एक्स-रेत गादी दिसतच नाही. दोन हाडांमधली फट कमी झाली की ती झिजली असा अंदाज करायचा, आणि तोही उभे राहून काढलेल्या एक्स-रेवरून.

सोनोग्राफीत गुडघा पुरता दुमडायला लावतात आणि वाटीच्या वर यंत्राची मूठ आडवी धरतात. आवाजाच्या लहरी आत जाऊन परततात. एक्स-रेसारखे किरण नाहीत. दोन पांढऱ्या रेघांमध्ये काळा पट्टा दिसतो, ती गादी. निरोगी गादीची कड रेखीव असते. झीज सुरू झाली की कड पुसट होते, मग पट्टा कुठे पातळ, कुठे जाड दिसतो. सांध्यात साठलेले पाणी आणि हाडाला फुटू लागलेली टोकेही दिसतात.

मात्र या यंत्राला सगळे दिसते असे समजू नये. लहरी हाडातून पार होत नाहीत, त्यामुळे खोल भाग झाकलेला राहतो. तो एमआरआयमध्ये दिसतो, पण तो महाग. शिवाय मूठ धरणारा हात सरावाचा हवा. चाळिशी-पन्नाशीनंतर चालताना दुखणारा आणि सकाळी थोडा वेळच आखडणारा गुडघा जाणता डॉक्टर नुसता तपासूनही ओळखतो. तेव्हा प्रत्येकीने सेंटरकडे धावावे असे आमचे म्हणणे नाही.

आईच्या गादीची कड पुसट निघाली, सांध्यात थोडे पाणीही होते. हाडाला टोके नव्हती. ऑपरेशनचे नाव डॉक्टरबाईंनी काढले नाही. वजन उतरवा, उकिडवे बसणे टाळा, आणि खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजायचे, असा व्यायाम सांगितला. मांडीचे स्नायू घट्ट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. आई तो व्यायाम टीव्हीवरच्या बातम्या बघत करते, आणि आकडे मोजायला नातवाला बसवते.

कामाच्या दोन घरी ओट्यावर उभ्याने भांडी घासू देतात. तिसऱ्या घरची मोरी खालीच आहे. ते काम सोड म्हणून आम्ही मागे लागलो आहोत. पण पगार त्याच घरी सर्वांत जास्त, म्हणून आई अजून जातेच आहे.