आतून पोकळ

पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात विनायक करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, 1928 सालचा. शाळकरी वयात तो घोडा मला पोलादाहून भक्कम वाटे. ‘आतून पोकळ असतो रे तो,’ असं वडील म्हणाले, तेव्हा फसवल्यासारखंच झालं.

पुढे नोकरीमुळे कोल्हापूरच्या फाउंड्यांत जाणं-येणं सुरू झालं. बहुतेक ठिकाणी पंपांचे, इंजिनांचे भाग ओतत. एका शेडमध्ये मात्र पुतळे. तिथं त्या पोकळीची किंमत कळली. मातीकामावरून घेतलेल्या साच्यात आतून मेणाचा थर देतात. मेणाची जाडी तीच पुढे ब्राँझची जाडी, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. भरीव ओतलं तर जाड भाग उशिरा गार होतो, आकसतो आणि आत खळगे पडतात. मेणाला धातूचा रस ओतायच्या आणि हवा निघायच्या वाटा जोडायच्या, आतबाहेर प्लास्टर आणि विटांचा चुरा भरायचा, मेण वितळल्यावर आतला गाभा सरकू नये म्हणून आरपार खिळे मारायचे आणि मग साचा भाजत ठेवायचा. दिवसचे दिवस. ओल राहिली तर 1100 अंशांचा रस पडताच वाफ होते आणि साचा फुटतो.

‘ओतायला काय, दोन मिनटं,’ तिथले मिस्त्री म्हणायचे, ‘वाळवायला टाईम लागतोय न्हवं!’ फोटो मात्र सगळे त्या दोन मिनिटांचेच काढतात. नंतरची छिन्नी, कानस, तुकड्यांचे जोड, रसायनांनी चढवलेला रंग बघायला कोण थांबतो?

निवृत्तीनंतर ‘जाणकार’ म्हणून एका पुतळा समितीत मला ओढलं. चर्चा दोनच गोष्टींची: उंची किती आणि जयंतीपर्यंत होईल का. जाडीचं नाव कुणी काढलं नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. त्या बातमीने सारे हळहळले. मला आमच्या समितीची ती बैठक आठवली. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांवर बोट ठेवलं गेलं. म्हणजे दोष सगळा आतला.

तुमच्या गावात पुतळा व्हायचा असेल, तर उंचीआधी जाडी विचारा, आतला सांगाडा कशाचा आहे ते विचारा. आणि ओताऱ्याशी बोलल्याशिवाय अनावरणाची पत्रिका छापू नका.