गॅदरिंगसाठी नव्हे, तासासाठी

विलेपार्ले (पूर्व)
आषाढ शुद्ध पंचमी

चि. मनूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून कागद घेतला. गॅदरिंगमध्ये पंधरा मिनिटांत बसेल असं भारूड सुचव म्हणतेस. नाही सुचवणार. गॅदरिंगचं भारूड कसं होतं ते पार्ल्यात कुणाला सांगायला नको. ड्रेसवाल्याकडून नऊवारी आणि फेटे येतात, गाणं रेकॉर्डवर वाजतं, गोड चेहऱ्याची दहा-बारा मुलं ओठ हलवतात आणि उरलेला वर्ग खुर्च्या मांडतो. त्यातून पालकांना फोटो मिळतात. लोकसाहित्य कुणाच्याच हाती लागत नाही.

तुझ्या वर्गातल्या रोजच्या तासाला काय करता येईल ते सांगते. तू पश्चिमेकडच्या इंग्रजी शाळेत मराठी शिकवतेस. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची झाली, म्हणून तुझ्यापुढे गुजराती, सिंधी, तमिळ घरांतली मुलं बसतात. त्यांची मराठी भाजीवाल्यापुरती आहे, ही तुझी तक्रार. माझ्या मते लोकसाहित्याला असाच वर्ग हवा. ज्याला धड वाचता येत नाही त्याला झील धरता येते. शाहिराच्या मागे ‘जी जी रं जी’ म्हणायला व्याकरण लागत नाही, कान लागतो. एखाद्या पोराला आधी झीलकऱ्यांत उभं कर. पंधरवड्यात ते स्वतःहून कडवं मागायला येतं. बाकी पोवाड्याबद्दल लिहीत नाही. मुलांना लढाई आवडते, अज्ञानदासाचा अफझलखानवध आपोआप चालतो.

जरा थांबायचं ते एकनाथांपाशी. आपण नाथांचं भारूड कविता म्हणून शिकवतो, खाली शब्दार्थ देतो, विंचू म्हणजे काम-क्रोध असं फळ्यावर लिहितो आणि झालं. नाथांनी काय केलं ते बघ. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या रस्त्यावर वासुदेव, जोशी, गोंधळी, पिंगळा, कोल्हाटी हिंडत होते. त्यांचं कसं ऐकायचं हे लोकांना आधीच ठाऊक होतं. नाथांनी ती सोंगं आणि त्या चाली तशाच उचलल्या आणि आत आपला विषय भरला. म्हणजे नाटकातून शिकवणं ही बी.एड.ची नवी टूम नाही. तुझ्या मुलांनाही हेच करायला लाव. आपल्या गल्लीत कोणते आवाज आहेत ते आधी टिपू देत: स्टेशनवरची अनाउन्समेंट, भंगारवाल्याची हाळी, सोसायटीच्या मीटिंगमधले सेक्रेटरी. मग त्यातल्या एका आवाजात रूपक रचायचं. मोबाइलवरचं भारूड मात्र नको, ते प्रत्येक शाळेत होऊन गेलंय. पार्ल्यात दर चार इमारतींमागे एक रिडेव्हलपमेंटला गेलीय. देह म्हणजे घर ही संतांची जुनीच कल्पना. आता त्या घराच्या दारात बिल्डर आलाय, जादा चटईक्षेत्राचं आमिष दाखवतोय, आणि आतला भाडेकरू सही करू की नको म्हणून अडलाय. यावर आठवीतली मुलं काय काय रचतील बघ.

नाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ तर वर्गासाठीच लिहिल्यासारखा आहे. बाकं दोन बाजूंना सरकव. एका रांगेने हिंदू व्हायचं, दुसरीने तुर्क. दोघंही एकमेकांच्या देवाधर्मावर तोंडसुख घेतात, तेही चांगलं झणझणीत. निम्म्यावर थांबव आणि बाजू बदलायला सांग. मघाशी ज्याची खिल्ली उडवली त्याची बाजू आता ओठांवर घ्यायची म्हटल्यावर मुलं एकदम सावध होतात. शेवटी दोघं गळाभेट घेतात ती जागा घाईने उरकू नकोस. आधी भांडण नीट रंगलं नसेल तर ती भेट खोटी वाटते.

एक अवघड गोष्ट आहे, ती टाळू नकोस. नाथांची ‘जोहार’ ही भारुडं महाराच्या तोंडी आहेत. तुझ्या वर्गात कुणी कोणत्या घरातलं आहे हे तुला माहीत नसेल, पण मुलांना असतं. तिथे सोंग घ्यायचं नाही. फाटकं घोंगडं, काळं फासलेलं तोंड, हातात काठी, यांतलं काही म्हणजे काही नको. नुसतं उभं राहून वाचायचं आणि विचारायचं, हा आवाज कुणाचा आणि लिहिणारा कोण? पैठणच्या ब्राह्मणाने त्या काळी तो आवाज घेतला हे धाडसच होतं. पण त्यामुळे महाराला गावात जागा मिळाली नाही, हेही तितकंच खरं. म्हणून जोहाराच्या पुढच्याच तासाला जलसा घे. तमाशाचा साचा उचलून सत्यशोधक जलसे उभे राहिले, मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. ज्यांचं सोंग इतरांनी घेतलं होतं ती माणसं तिथे स्वतः बोलली. पुढे विठ्ठल उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ उभं केलं तेव्हा द्रौपदीच्या मनातला कर्ण भर रंगमंचावर आला. एवढं एकत्र शिकवलंस तर वर्षाचं सार्थक झालं.

जात्यावरच्या ओव्या मात्र रंगमंचावर नेऊ नकोस. थर्माकोलचं जातं पाहिलं की माझं डोकं दुखतं. ओवीला प्रेक्षक नव्हता. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकीने ओळ काढायची, दुसरीने उचलायची. मुलांना तसंच जोडीजोडीने जमिनीवर बसव, मध्ये खुंटा आहे असं समजून हात फिरवू देत. ओळ किती लांब असावी हे तो हातच ठरवतो, हे त्यांना न सांगता कळेल. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी त्या बायकांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. आधी ऐकव, छापलेलं नंतर दे.

कानाने ऐकायचं ते कागदावरून शिकवायचं, हे दुखणं आपलंच आहे असं समजू नकोस. नायजेरियात योरुबा मुलांना ‘ओरिकी’ म्हणजे स्तुतिकाव्यं आणि ‘इजाला’ म्हणजे शिकाऱ्यांची गाणी शाळेत शिकवायची तर तिथेही हाच पेच. त्यांची भाषा सुरांची. सूर बदलला की अर्थ बदलतो आणि ढोल ते सूर वाजवून चक्क बोलतो. ते कागदावर उतरवणार कसं? दुरो लादिपो यांनी साठच्या दशकात शांगो राजाची कथा ‘ओबा को सो’ या नाटकात आणली ती ढोल आणि स्तुतिगायन दोन्ही घेऊन, म्हणून ती तगली. आपल्या संबळाचंही तेच. संबळ नसलेला गोंधळ म्हणजे नुसती यादी.

तेव्हा वर्षातून एकदा तरी खरा गोंधळी शाळेत आण. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी कलिन्याला, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे विचार. त्याला टाळ्या आणि नारळ देऊन पाठवू नकोस, हे त्याचं पोट आहे. मानधन आधी ठरव आणि त्याच दिवशी हातात दे. शाळेकडे त्यासाठी तरतूद नाही असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तर गॅदरिंगच्या ड्रेसवाल्याला दरवर्षी किती जातात तेवढं विचार.

तुझी
आत्या