गाडी कुठून येते?

27 ऑगस्ट 2024, अमरावती
चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे अकोल्याचे बॅन्डमास्टर मोकळे आहेत. फोनवर म्हणाले, “सर, पोळ्याले वाजवाले काही नवं लिहून द्या. बैलाचंच पाह्यजे, पन पिक्चरचं नको.”

रशियन संगीतकार मुसोर्गस्कीचं ‘बिड्लो’ आठवलं. मोठ्या चाकांची, बैल जुंपलेली गाडी. त्याचा चित्रकार मित्र व्हिक्टर हार्टमान 1873 मध्ये गेला. त्याच्या चित्रांचं प्रदर्शन पाहून 1874 मध्ये मुसोर्गस्कीने एकट्या पियानोसाठी जी चित्रमाला लिहिली, त्यातला हा तुकडा. डावा हात खर्जात जड पावलं टाकतो, वर एक रडवेली चाल.

28 ऑगस्ट, अमरावती
दिवसभर फ्रेंच संगीतकार राव्हेल ऐकला. कंडक्टर कूसेवित्स्कीच्या सांगण्यावरून त्याने मुसोर्गस्कीची ही माला वाद्यवृंदासाठी लिहिली, 1922 मध्ये पॅरिसला वाजली. आज जगाला तीच जास्त ठाऊक. गंमत अशी की त्यातली दोन अनवट वाद्यं आपल्या वरातीत सर्रास दिसतात. मालेतला ‘जुना किल्ला’ हा तुकडा त्याने आल्टो सॅक्सोफोनला दिला. ‘बिड्लो’ची चाल ट्यूबाला दिली, पण ती इतकी वर चढते की बरेच वाद्यवृंद ती युफोनियमवर वाजवतात. भर उंचीवर साइड ड्रमही आहे. व्हायोलिनचा ताफा वऱ्हाडात कुठून आणायचा? हे मात्र सगळं बॅन्डमास्टरांच्या खोलीत टांगलेलं आहे.

30 ऑगस्ट, अमरावती
लिहायला बसलो. मूळ पट्टी जी शार्प मायनर. ती अर्धा सूर उतरवून जी मायनर केली. क्लॅरिनेट, ट्रम्पेट बी फ्लॅटचे, त्यांना ए मायनर येतो. बोटं अडखळणार नाहीत.

खरी अडचण श्वासाची. पियानोचा सूर हातोडी पडली की विरू लागतो, म्हणून ही गाडी दर पावलाला नव्याने ढकलावी लागते. युफोनियमचा सूर दम आहे तोवर भरलेला राहतो, मग दम संपतो. चाल दोघांत वाटली. एकाने श्वास घ्यायचा तिथे दुसऱ्याने सूर धरायचा.

1 सप्टेंबर, अकोला
बडनेऱ्याहून गाडी धरली, मूर्तिजापूर गेलं तसा पाऊस सुरू झाला. आज खांदमळण. बॅन्डमास्टरांच्या शेजारी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावणं चाललं होतं.

तालमीत वाद निघाला. मी राव्हेलप्रमाणे लिहिलं होतं: सुरुवात हळू, मग चढत जायचं, शेवटी पुन्हा विरायचं. गाडी लांबून येते, समोरून जाते, दिसेनाशी होते. बॅन्डमास्टर म्हणाले, “आमी चालत वाजवतो सर. लांबचं हळूच आयकू येते. त्याले हळू वाजवाचं काय काम?”

गप्पच झालो. कारण मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात पहिलाच सूर जोरात आहे. गाडी थेट अंगावर येते. तो 1881 मध्ये वारला. 1886 मध्ये संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादित करून जी प्रत छापली, तिच्यात सुरुवात हळू केली. राव्हेलपुढे हीच प्रत होती. म्हणजे लांबून येणारी गाडी मुळात संपादकाची. ती हॉलमध्ये शोभतेही, कारण तिथे ऐकणारे आणि वाजवणारे दोघेही जागचे हलत नाहीत. रस्त्यावर हे अंतर पाय कापतात.

‘हळू’ खोडलं, पहिल्या मात्रेपासून ‘जोरात’ लिहिलं.

2 सप्टेंबर, पोळा, अकोल्याजवळचं एक गाव
तोरणाखाली बैलजोड्या उभ्या, पोळ्याच्या झडत्या रंगल्या. तोवर बॅन्डने वाजवायचं नाही असं ठरलं होतं. भोंगे ऐकून बैल बिथरले तर पंचाईत. पोळा फुटला आणि वेशीकडून बॅन्ड निघाला. मी पारापाशी होतो. आधी फक्त युफोनियम पोचला, मागाहून खर्जाची पावलं, सगळ्यात शेवटी साइड ड्रम. राव्हेलने शाईने जे चढवलं, ते इथे वेशीपासून पारापर्यंतच्या चालण्याने चढलं. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “गाडी भरल्याली हाय. रिकामी अशी नाही चालत.”

पियानोचा तुकडा दुसऱ्या वाद्यांवर नेताना कोणाला कुठला सूर द्यायचा, एवढंच पाहून भागत नाही, हे आता वहीत ठळक लिहून ठेवतो. ऐकणारा कुठे उभा आहे आणि वाजवणारा चालतो की बसतो, हे आधी ठरवावं.

4 सप्टेंबर, अमरावती
बॅन्डमास्टरांचा फोन. विसर्जनाला ‘जुना किल्ला’ हवा. सॅक्सोफोनवाला तयार आहे. त्याला मात्र चालायला लावणार नाही. मंडपात बसवूनच वाजवून घेईन.