साप्टाना?

ग्लेशियरवरून उतरलो आणि ईआरईवर थेट बंगळूर मिळालं. फॅमिली क्वार्टरला वेटिंग, म्हणून अलसूरजवळ वरचा मजला भाड्याने घेतला. मालक मद्रास सॅपर्सचे रिटायर्ड सुभेदार, तमिळ, बायको वारलेली. चावी देताना म्हणाले, "मराठा, नीचे एक साँप है. फॅमिली को बोल देना."

साप म्हणजे बॉल पायथन. मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणारा. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हा परदेशी, आणि केंद्राच्या 2020 च्या योजनेत त्याची रीतसर नोंद झालेली. साहेबांनी तो कागद लॅमिनेट करून भिंतीला लावला होता. फौजी माणूस!

साप मुलाचा. मुलगा ऑगस्टमध्ये शिकायला जर्मनीला गेला आणि रेशन-पाण्याची ड्यूटी बापावर आली. दर दहा दिवसांनी फ्रीजरमधला एक उंदीर वितळवून द्यायचा. ऑक्टोबरपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सापाने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

मुलगा रोज रात्री फोनवर विचारायचा, "साप्टाना?" मला वाटायचं, सापाचंच काहीतरी नाव असेल. ते तमिळ, 'जेवला का?' साहेब उत्तर द्यायचे, "साप्टान." जेवला. सात आठवडे हेच चाललं होतं.

डिसेंबरमध्ये एका रात्री साहेबांनी मला खाली बोलावलं. चेहरा उतरलेला. त्यांनी जिवंत उंदीर आणून पेटीत सोडला होता नि झोपायला गेले होते. सापाने उंदीर खाल्ला नाही, उलट उंदरानेच सापाची पाठ कुरतडली. "बेटे की अमानत है," एवढंच म्हणाले. मी गावाकडे धामणी पकडलेल्या, पण जखमी साप डॉक्टरकडे उशीच्या अभ्र्यात घालून रिक्षाने नेणं हा अनुभव नवाच होता. रिक्षावाल्याला आम्ही काही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी जखम धुतली, मलम दिलं आणि काय खातो हे विचारण्याआधी सापाला वजनकाट्यावर ठेवलं. 1360 ग्रॅम. मुलाच्या वहीत जाण्याआधीचं वजन 1420 होतं. डॉक्टर म्हणाले, या जातीचे नर थंडीच्या दिवसांत महिनोन्‌महिने खात नाहीत. वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरलं आणि बाकी तब्येत ठीक असली तर घाबरायचं कारण नाही. जबरदस्तीने भरवायचं नाही, सारखं हाताळायचं नाही, जिवंत उंदीर तर कधीच नाही. घरी येऊन पाहिलं तर पेटीखालच्या हीटिंग पॅडची वायर सैल. उबदार कोपऱ्यात 31-32 अंश हवेत, तिथे 26 होते. बंगळूरची थंडी आपल्याला गुलाबी वाटते, पण सापाला अन्न पचवायची ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. वायर मी बसवली, आणि लपायला एक पालथी कुंडी ठेवली.

त्या रात्री फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "साप्टाना?" साहेब गप्प.

मला माझी पोस्ट आठवली. वर भूक मरते. टिन उघडला की केरोसीनच्या वासात तो वास मिसळून पोटात ढवळतं. तीन महिन्यांत माझं वजन नऊ किलो उतरलं. सॅटेलाइट फोनवर बायको विचारायची, "जेवलात का?" मी म्हणायचो, "हो, पोटभर." खाली आल्यावर बेसच्या डॉक्टरांनीही मला आधी काट्यावरच उभं केलं होतं. बायकोला मात्र मी घरी पोचल्यावर दारातच कळलं, आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खोटं बोललो याचा राग.

हे साहेबांना सांगितलं होतं म्हणून असेल किंवा नसेल, पण त्यांनी खरं सांगितलं. जखमेचंही सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मग मुलाने काहीतरी विचारलं, आणि साहेबांचा आवाज फुटला. नंतर मला म्हणाले, "पूछ रहा था, अप्पा, आपने खाना खाया?"

फेब्रुवारीत, रात्री अकराला, दारावर थाप. साहेब लुंगीत, हातात चिमटा, रिकामा. उंदीर कोमट पाण्यात चांगला गरम करून चिमट्याने धरला होता. वजन तेव्हा 1330 होतं.

"साप्टान, मराठा!"

आतून बायको ओरडली, "कोण जेवलं एवढ्या रात्री?"