एरंडेल

‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हण ज्याने घडविली, त्याने उत्तर गुजरात पाहिला नसावा. आमच्या गावी हे झाड उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवे. मेहसाण्याकडे बदली झाल्यावर त्याची लांबच लांब शेते प्रथमच दृष्टीस पडली. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते आणि त्यातील मोठा वाटा गुजरातचा. वंगण, रंग, नायलॉन असे कितीतरी जिन्नस तिच्या तेलापासून होतात. औषधाचा हिस्सा अगदी किरकोळ. तेलाला इकडे ‘दिवेल’ म्हणतात. त्यांच्या शब्दात दिवा आहे. आपल्या ‘एरंडेला’ला मात्र रविवारच्या सकाळचा वास येतो.

त्या वासाचे वर्णन वाचकांपुढे काय करावे! सुंठीच्या ऊन काढ्यावरचा तो दाट तवंग, नाक दाबणारी बोटे, मागाहून हातावर पडणारा गुळाचा खडा आणि दिवसभर मऊ भात. कोठा साफ झाला की निम्मी दुखणी पळतात, ही त्या पिढीची श्रद्धा. संस्कृतात एरंडाला वाताचा शत्रू म्हणून ‘वातारि’ म्हटले आहे. सुजलेल्या गुडघ्यावर त्याचे पान तेल लावून, शेकून बांधीत.

श्रद्धा अगदीच निराधार नव्हती. आतड्यात या तेलातून रिसिनोलेइक आम्ल सुटते आणि ते तेथील स्नायूंना चेतविते. ते नेमके कसे, हे जर्मनीतील संशोधकांनी २०१२ साली दाखविले. बियांतले रिसिन हे जहाल विष पेंडीत राहते, तेलात उतरत नाही.

परंतु तेल निर्विष असले म्हणजे निर्धोक असतेच असे नाही. आजीचा धाकटा मुलगा सात वर्षांचा असताना पोटदुखीने तळमळू लागला. रिवाजाप्रमाणे त्याला एरंडेल दिले. तिसऱ्या दिवशी तो गेला. दुखणे आंत्रपुच्छाचे होते, हे मागाहून कळले. सुजलेले आंत्रपुच्छ रेचकाने फुटण्याचे भय असते. घरात दुसरे औषध नव्हते आणि तालुका दूर होता.

आजीने बाटली फेकली नाही. मात्र दुखत्या पोटी एरंडेल द्यायचे नाही, हा तिचा नियम झाला. पोट दुखते म्हटले की ती आम्हांला उताणे निजवी, बेंबीच्या खाली उजवीकडे बोटांनी दाबी आणि आमच्या तोंडाकडे पाहत राही.

“इथं दुखतं का रे?”

नाही म्हटले, तरी पुन्हा एकदा दाबून बघे.